सर्वेक्षणाच्या एकांगी नमुन्याला भार देणारं सॉफ्टवेअर लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक संस्था, संशोधन करणारे विद्यार्थी आणि सर्व्हेच्या डेटावर काम करणारे प्रोग्रामर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांना भार काढता येतात त्यांनी सरळ प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल. 'समजा' म्हणून दिलेले आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत. माझं एक मत सगळ्या उत्तरांत डोकावेल, म्हणून आधीच सांगते: भार काढून देणं हे अशा सॉफ्टवेअरचं अर्धं काम झालं. हे भार कुठवर भरवशाचे आहेत, हे वापरणाऱ्याने न विचारता त्याला सांगणं हे उरलेलं अर्धं, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं.

१. माझ्याकडे हजारो उत्तरं आली आहेत. तरी नमुना प्रातिनिधिक नाही असं का म्हणता?

नमुना किती मोठा आहे आणि तो कोणाचा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असा अंदाज छापला गेला, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले होते, म्हणजे मंदीतही ज्यांचं बरं चाललं होतं अशांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली, हाही फरक होताच.

आपल्याकडचं उदाहरण शेतातलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की पीककापणी प्रयोगासाठी फार लहान तुकडा आखला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेची रोपं आत धरली जातात. असे लहान तुकडे कितीही वाढवले तरी तो फुगवटा जात नाही. नमुना मोठा केल्याने योगायोगाने होणारी चूक कमी होते. एकाच बाजूला झुकलेली चूक जशीच्या तशी राहते.

२. भार म्हणजे नेमकं काय?

एक उत्तरदाता लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने बोलतो, तो आकडा म्हणजे त्याचा भार. त्याचे दोन थर असतात. पहिला निवडीचा: गावातल्या ५०० घरांतून १० घरं चिठ्ठ्या टाकून निवडली तर प्रत्येक घर ५० घरांच्या वतीने बोलतं. दुसरा दुरुस्तीचा: प्रत्यक्षात काहींनी दार उघडलं नाही, काहींनी उत्तर दिलं नाही, म्हणून उरलेल्यांचे भार लोकसंख्येच्या माहीत असलेल्या आकड्यांशी जुळवून घ्यायचे. हे पान मुख्यतः दुसऱ्या थराबद्दल आहे, पण पहिला थर चुकला तर दुसरा सावरून घेईल असं समजू नका.

सरकारी फायली वाचणारा कोड लिहीत असाल तर इथेच पहिला खड्डा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या अनेक फेऱ्यांच्या फायलींत भाराला 'मल्टिप्लायर' म्हणतात आणि तो दशांश चिन्हाविना दिलेला असतो. 'एनएसएस' आणि 'एनएससी' हे दोन रकाने सारखे असतील तर त्याला १०० ने भागायचं, नाहीतर २०० ने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 'व्ही००५' या रकान्यातल्या भाराला १० लाखांनी भागायचं असतं. तिथे भागायला विसरलात तरी टक्केवारी बरोबर येते, फक्त एकूण संख्या दहा लाख पटींनी फुगतात, त्यामुळे चूक लपून राहू शकते. नमुना सर्वेक्षणात मात्र काही ओळींना १०० आणि काहींना २०० लागत असल्याने टक्केवारीही हलते.

३. रेकिंग कसं चालतं? सूत्र नको, आकडे घेऊन दाखवा.

रेकिंग म्हणजे एकेका घटकाची बेरीज लोकसंख्येशी आळीपाळीने जुळवत जाणं. समजा, महाराष्ट्रातल्या एका ऑनलाइन सर्व्हेला ४०० उत्तरं आली: शहरी पुरुष २००, ग्रामीण पुरुष ८०, शहरी स्त्रिया ९०, ग्रामीण स्त्रिया ३०. लोकसंख्येत पुरुष ५२ टक्के, स्त्रिया ४८ टक्के, शहरी ४५ टक्के, ग्रामीण ५५ टक्के धरू. (हे २०११ च्या जनगणनेच्या जवळपासचे आकडे आहेत.) म्हणजे ४०० च्या हिशेबात पुरुष २०८, स्त्रिया १९२, शहरी १८० आणि ग्रामीण २२० हवेत.

आधी लिंग जुळवू. नमुन्यात पुरुष २८० आहेत, म्हणून त्यांना ०.७४३ ने गुणायचं. स्त्रिया १२० आहेत, त्यांना १.६ ने. आता लिंगाचं प्रमाण बरोबर झालं, पण शहरी बेरीज पाहा: आधी २९० होती, ती २९२.६ झाली. या नमुन्यातल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा थोड्या अधिक शहरी आहेत, त्यामुळे स्त्रियांचा भार वाढवला की शहराचाही वाढला. एक घटक जुळवताना दुसरा बिघडू शकतो, तो असा.

मग शहर-गाव जुळवायचं: शहरी उत्तरांना ०.६१५ ने, ग्रामीण उत्तरांना २.०४८ ने गुणायचं. आता पुरुष २१३.१ झाले, २०८ च्या जरा वर. पुन्हा लिंग, पुन्हा शहर-गाव. दुसऱ्या फेरीअखेर दोन्ही बेरजा दशांशापर्यंत जुळतात:

| गट | उत्तरं | रेकिंगनंतर | एका उत्तराचा भार |
|---|---|---|---|
| शहरी पुरुष | २०० | ८९.१ | ०.४५ |
| ग्रामीण पुरुष | ८० | ११८.९ | १.४९ |
| शहरी स्त्रिया | ९० | ९०.९ | १.०१ |
| ग्रामीण स्त्रिया | ३० | १०१.१ | ३.३७ |

शेवटची ओळ नीट बघा. ३० जणी आता निकालाचा चौथा हिस्सा ठरवत आहेत. त्यांतल्या बहुतेक जणी एकाच बचत गटातल्या असतील, किंवा एकाच कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आल्या असतील, तर तुमच्या अहवालातली 'ग्रामीण स्त्री' म्हणजे त्याच. भारांसोबत हा तक्ता आपोआप छापणारं सॉफ्टवेअर मला चांगलं वाटतं.

ही पद्धत डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या कामासाठी मांडली. तेव्हाची फेरी हाताने आणि गणकयंत्रावर व्हायची, आज दहा-पंधरा ओळींच्या कोडमध्ये होते.

४. पोस्ट-स्ट्रॅटिफिकेशन, रेकिंग आणि कॅलिब्रेशन यांतलं मी कुठलं वापरू?

तुमच्याकडे लोकसंख्येची कुठली माहिती आहे त्यावर ठरतं. लिंग, वय आणि शहर-गाव यांचा एकत्र तक्ता असेल, म्हणजे 'ग्रामीण, ३० ते ४४, स्त्रिया इतक्या' असं माहीत असेल, आणि नमुन्यात प्रत्येक कप्प्यात पुरेशी माणसं असतील, तर पोस्ट-स्ट्रॅटिफिकेशन, म्हणजे प्रत्येक कप्पा थेट लोकसंख्येशी जुळवणं. वेगवेगळ्या बेरजाच माहीत असतील तर रेकिंग. सरासरी उत्पन्न किंवा एकूण जमीन असे सलग आकडेही जुळवायचे असतील तर कॅलिब्रेशन.

डेव्हिल आणि सार्नडाल यांनी १९९२ साली दाखवलं की या सगळ्या एकाच कुटुंबातल्या पद्धती आहेत: मूळ भारांपासून कमीत कमी दूर जाऊन बेरजा जुळवायच्या, फक्त 'दूर' कशाने मोजायचं ते बदलतं. कोड लिहिणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. गाभ्याचं एकच फंक्शन लिहा आणि अंतराचा प्रकार बाहेरून द्या. रेषीय प्रकार सर्वांत वेगवान, पण त्यात ऋण भार येऊ शकतात. रेकिंगमध्ये भार नेहमी धन राहतात. लॉजिट प्रकारात खालची-वरची मर्यादा आधीच घालता येते.

५. तयार पॅकेजेस असताना स्वतःचं का लिहायचं?

गाभा लिहू नका. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत थॉमस लमली यांचं 'सर्व्हे' पॅकेज अनेक वर्षं वापरात घासूनपुसून निघालेलं आहे. पायथनमध्ये मेटाने खुलं केलेलं 'बॅलन्स' आहे. फ्रान्सच्या संख्याशास्त्र संस्थेचं 'कालमार' त्याहून जुनं. तुम्ही लिहायचं ते भोवतालचं: मराठीत भरलेले फॉर्म वाचणं, गावा-तालुक्यांची नावं जुळवणं, जनगणनेचे तक्ते नीट बसवणं, आणि इशारे देणं. या गोष्टी बाहेरचं कुठलंही पॅकेज तुमच्यासाठी करणार नाही, आणि प्रत्यक्षात वेळ तिथेच जातो.

६. लोकसंख्येचे आकडे कुठून घ्यायचे? जनगणना तर २०११ ची आहे.

हा आपल्याकडचा सर्वांत अवघड प्रश्न. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. २०११ ला महाराष्ट्र ४५.२ टक्के शहरी होता. आज ते प्रमाण धरून भार काढले तर गावाला प्रमाणापेक्षा जास्त वजन मिळण्याची शक्यता मोठी.

राज्य पातळीवर वय, लिंग आणि शहरीकरणासाठी राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाचे २०११ ते २०३६ चे अंदाज वापरता येतात. शिक्षणासाठी आणि घरातल्या सोयींसाठी २०१९-२१ चं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण किंवा श्रमबलाचं नियतकालिक सर्वेक्षण पाहा, पण तेही नमुनेच आहेत, त्यांनाही स्वतःची त्रुटी आहे. जिल्ह्याच्या खाली गेलात की २०११ शिवाय फारसं हाती लागत नाही. मतदारांचा सर्व्हे असेल तर मतदारयादीतली स्त्री-पुरुष संख्या घ्या, सगळ्या लोकसंख्येची नको. १८ वर्षांवरच्यांच्या सर्व्हेला सर्व वयांचे आकडे लावणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे.

सॉफ्टवेअरसाठी माझा आग्रह: लक्ष्य-आकड्यांच्या, म्हणजे ज्यांच्याशी भार जुळवायचे त्या आकड्यांच्या, प्रत्येक तक्त्यासोबत स्रोत, वर्ष आणि कोणत्या वयोगटासाठी आहे हे तीन रकाने सक्तीचे ठेवा. ते रिकामे असतील तर कोड पुढे जायलाच नको. शक्य असेल तेव्हा दोन वेगळ्या स्रोतांनी भार काढा आणि निकाल किती हलतो ते दाखवा. हलला नाही तर निर्धास्त राहता येतं, हलला तर अहवालात तो फरक लिहावा लागतो.

७. माझं रेकिंग थांबतच नाही. फेऱ्यांची मर्यादा वाढवू का?

आधी कारण शोधा. नेहमीची तीन असतात. एक, लक्ष्यात असलेला एखादा गट नमुन्यात शून्य आहे, उदाहरणार्थ ६० वर्षांवरच्या एकाही व्यक्तीने फॉर्म भरलेला नाही. शून्याला कितीही गुणलं तरी शून्यच. दोन, वेगवेगळ्या घटकांच्या बेरजा जुळत नाहीत: लिंगाचे आकडे एका वर्षाचे, शिक्षणाचे दुसऱ्या वर्षाचे, आणि एकूण लोकसंख्या दोन्हींत वेगळी. तीन, नावं जुळलेली नाहीत (प्रश्न ८). यांपैकी काहीच नसेल तर कप्पे फार बारीक झालेत, जवळचे गट एकत्र करा.

आणि एक ठाम सांगणं: फेऱ्यांची मर्यादा संपली म्हणून शेवटच्या फेरीचे भार गुपचूप परत देऊ नका. कोडने थांबून कुठल्या गटाची बेरीज किती चुकली ते सांगावं. वापरणारा इशारा वाचेलच असं नाही, पण फाइल हातात पडली तर ती तो नक्की वापरतो.

८. जिल्ह्यांची नावं जुळत नाहीत, त्यामुळे अर्धी उत्तरं गळतात. काय करावं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. आज ३६ आहेत, कारण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. तुमच्या फॉर्मवर पालघर आहे आणि जनगणनेच्या तक्त्यात नाही, म्हणून कोड एकतर अडतो किंवा पालघरची उत्तरं टाकून देतो. योग्य मार्ग दोन: तालुक्यांच्या आकड्यांवरून २०११ चा पालघर बांधायचा, किंवा ठाणे-पालघर एकत्र ठेवायचे. पहिला चांगला, दुसरा सोपा.

मग नामांतरं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. लोक फॉर्मवर जुनं, नवं, अर्धं, 'संभाजीनगर' एवढंच, 'नगर' एवढंच, सगळं लिहितात. म्हणून नाव ही ओळख मानू नका. जनगणनेचा जिल्हा-कोड हीच ओळख धरा आणि नावांचा वेगळा पर्यायकोश ठेवा.

देवनागरीचा स्वतःचा त्रास आहेच. 'सिंधुदुर्ग' आणि 'सिंधूदुर्ग', नावापुढची रिकामी जागा, हे तर दिसतं तरी. पण गावांच्या नावांत 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' आलं की ते दोन प्रकारे टाइप होतं: एक 'ऱ' ला हलन्त लावून, दुसरं साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र वेगळी, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने ती एक होत नाहीत. हा नियम स्वतः लिहून घालावा लागतो. जुळणी झाल्यावर न जुळलेल्या नावांची यादी उतरत्या संख्येने छापा. सुरुवातीच्या काही ओळी दुरुस्त केल्या की बहुतेक गळती थांबते.

९. एकाच माणसाला प्रचंड भार आला आहे. कापायचा का?

बहुतेक वेळा हो, पण का आला ते पाहून. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत लॉस एंजेलिस टाइम्स आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पाहणीत इलिनॉयमधल्या १९ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा भार सरासरी उत्तरदात्याच्या ३० पटींपर्यंत गेला होता, आणि सर्वांत कमी भार असलेल्याच्या ३०० पटींपर्यंत. सुमारे ३,००० जणांच्या पाहणीत तो एकटा त्याच्या वयोगटाचा आणि समाजाचा आकडा वरखाली करू शकत होता. १८ ते २१ इतका अरुंद वयोगट धरला होता, मागच्या निवडणुकीत दिलेल्या मताशी जुळवणीही होती, आणि भारावर मर्यादा नव्हती.

कापल्याने निकाल थोडा झुकतो, पण डळमळ कमी होते. कापलेला भार उरलेल्यांत वाटायचा, मग बेरजा पुन्हा जुळवायच्या. कापल्यावर पुन्हा रेकिंग न करणारा कोड अर्धवट आहे. सरासरीच्या ५ पट ही मर्यादा अनेक जण धरतात. तो संकेत आहे, नियम नाही. २, ५ आणि १० अशा तिन्ही मर्यादांनी निकाल काढून शेजारी ठेवा. पण त्याआधी गट रुंद करून पाहा, कारण कात्री लावण्याची वेळ येते ती सहसा कप्पे बारीक केल्यामुळेच.

१०. भार दिल्यानंतर त्रुटीची मर्यादा कशी काढायची?

४०० उत्तरं आहेत म्हणून ४०० चं सूत्र लावू नका. लेस्ली किश यांचा ढोबळ हिशेब असा: भारांच्या बेरजेचा वर्ग भागिले भारांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे परिणामी नमुना. प्रश्न ३ मधल्या उदाहरणात तो सुमारे २४७ येतो. ५० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तरासाठी त्रुटी ४.९ टक्क्यांवरून सुमारे ६.२ टक्क्यांवर जाते.

हा हिशेब घाईतला अंदाज म्हणून ठीक. अहवालासाठी बूटस्ट्रॅप किंवा जॅकनाइफ (हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून त्रुटी मोजण्याच्या पद्धती) वापरा आणि प्रत्येक पुनर्नमुन्यात रेकिंग नव्याने करा. नमुना गावागावांतून गुच्छांनी घेतला असेल तर अख्खी गावं उचला, सुटी माणसं नकोत.

सर्वांत जास्त दिसणारी चूक सॉफ्टवेअरमध्ये दडलेली आहे. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या मूळ भागातला 'वेट केसेस' हा भाराला वारंवारता समजतो. भारांची बेरीज लोकसंख्येइतकी असेल तर त्याला वाटतं तुम्ही कोट्यवधी लोकांना विचारलंत, आणि प्रत्येक फरक 'महत्त्वाचा' ठरतो. स्टाटा या तशाच सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'पीवेट' वेगळा आहे, आर मध्ये सर्व्हे पॅकेजची फंक्शनं. रीग्रेशनलाही हेच लागू आहे.

११. किती घटकांवर जुळवायचं? जितके जास्त तितकं चांगलं ना?

नाही. घटक दोन अटींवर निवडा: उत्तर देण्या-न देण्याशी त्याचा संबंध हवा, आणि विचारलेल्या प्रश्नाशीही हवा. फक्त उत्तर देण्या-न देण्याशीच संबंध असेल तर भार विनाकारण पसरतात आणि परिणामी नमुना घटतो (प्रश्न १०).

दोन्ही अटी पूर्ण करणारा घटक वगळणं मात्र महागात पडतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यस्तरीय पाहण्यांनी शिक्षणावर जुळवणी केली नव्हती. पदवीधर जास्त उत्तरं देत होते आणि त्या वर्षी त्यांचा कल क्लिंटन यांच्याकडे जास्त होता. आपल्याकडे फोनवरच्या सर्व्हेत असाच घटक म्हणजे फोन कोणाच्या हातात आहे. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. फोनवर उत्तर देणाऱ्या स्त्रियांचा भार वाढवला म्हणजे फोन नसलेल्या स्त्रियांचं मत कळलं, असं होत नाही.

१२. काहींनी शिक्षण किंवा वय लिहिलंच नाही. त्या ओळी काढू का?

काढू नका, निदान गुपचूप तर नाहीच. शिक्षण न लिहिणारे सहसा कमी शिकलेले असतात, आणि नेमके तेच तुम्हाला कमी पडताहेत. रिकाम्या जागा थोड्या असतील तर त्याच वयाच्या, त्याच गावच्या उत्तरदात्यांवरून भरा. खूप असतील तर त्या घटकावर जुळवणीचा हट्ट सोडा. किती जागा भरल्या हा आकडा निकालासोबत बाहेर यायला हवा.

१३. व्हॉट्सॲपवर लिंक फिरवून केलेल्या सर्व्हेला भार देऊन चालेल का?

कधी चालतं, कधी मुळीच नाही. दोन्हींची उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

२०१२ च्या अमेरिकी निवडणुकीआधी एक्सबॉक्स या खेळयंत्रावर पाहणी झाली. सुमारे साडेतीन लाख लोकांनी भाग घेतला. त्यांत ९३ टक्के पुरुष होते आणि ६५ टक्के १८ ते २९ वयाचे, तर प्रत्यक्ष मतदारांत पुरुष ४७ टक्के आणि या वयाचे १९ टक्के. याहून एकांगी नमुना शोधून सापडायचा नाही. तरी वँग, रॉथशिल्ड, गोएल आणि गेलमन यांनी त्यातून चांगले अंदाज काढले, कारण लिंग, वंश, वय, शिक्षण आणि राज्य यांच्यासोबत त्यांनी पक्ष, विचारसरणी आणि २००८ चं मतही विचारलं होतं. या सगळ्यांचे मिळून १,७६,२५६ कप्पे होतात. कोण कुठे मत देईल हे ठरवणारी मुख्य माहिती हातात होती, आणि लोकसंख्येत तिचं प्रमाणही माहीत होतं.

दुसरीकडे, कोविडच्या काळात फेसबुकवरून अमेरिकेत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं गोळा होत होती, आणि भारही दिले जात होते. मे २०२१ मध्ये लसीचा किमान एक डोस घेतलेल्यांचा त्यांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा टक्केवारीत १७ अंकांनी जास्त होता. त्याच काळातली सुमारे १,००० लोकांची काळजीपूर्वक केलेली पाहणी बरीच जवळ होती. वय आणि लिंग जुळवलं होतं, शिक्षण आणि वंश नव्हता. 'नेचर' मधल्या लेखात ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की एप्रिलमधल्या त्या अडीच लाखांची अचूकता १० जणांच्या खऱ्या यादृच्छिक नमुन्याहून जास्त नव्हती.

तेव्हा लिंक फिरवण्याआधीच ठरवा की उत्तर कशावर अवलंबून असेल, आणि ते फॉर्ममध्ये विचारा. नंतर भार देताना तो घटक आणता येत नाही. पाण्याच्या प्रश्नावरचा सर्व्हे असेल तर नळ आहे की टँकर, हे वयापेक्षा महत्त्वाचं.

१४. एमआरपी म्हणजे काय? विधानसभेच्या २८८ मतदारसंघांसाठी करता येईल?

एमआरपी म्हणजे मल्टिलेव्हल रीग्रेशन आणि पोस्ट-स्ट्रॅटिफिकेशन, गेलमन आणि लिटल यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत. प्रत्येक बारीक कप्प्याचं उत्तर बहुस्तरीय मॉडेलने काढायचं, ज्यात माणसं कमी असलेला कप्पा शेजारच्यांकडून आधार घेतो, आणि मग लोकसंख्येतल्या प्रमाणाने ते एकत्र करायचे. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये यूगव्ह या पाहणी संस्थेने संसदीय निवडणुकीआधी याच पद्धतीने कोणालाच बहुमत मिळणार नाही असं सांगितलं आणि तसंच झालं.

आपल्याकडे अडचण मॉडेलची नाही, अशा मॉडेलसाठीचं स्टॅन हे सॉफ्टवेअर वापरून ते लिहिता येतं. अडचण शेवटच्या पायरीची आहे. मतदारसंघात 'ग्रामीण, पदवीधर, ३० ते ४४, स्त्रिया किती' असा एकत्र तक्ता मिळत नाही. जनगणना तालुक्यांनी जाते, मतदारसंघांच्या सीमा अनेक ठिकाणी तालुका कापून जातात. जिल्हा किंवा विभागाच्या पातळीवर करा. २८८ आकडे छापण्याचा मोह टाळा.

१५. सगळे घटक जुळले, बेरजा चोख आल्या. आता नमुना प्रातिनिधिक झाला ना?

जे विचारलं त्या घटकांपुरता झाला. बीडमधल्या एखाद्या गावात जानेवारीत घरोघरी गेलात तर कितीतरी घरांना कुलूप असतं, कारण माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असतात. मागे राहिलेल्या वृद्धांना आणि जमीन असलेल्या घरांना तुम्ही वय, लिंग, तालुका यांवर जुळवून घेतलंत, बेरजा बरोबर आल्या, आणि शाळागळती किंवा रोजगार हमीबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तरीही चुकीची आली. तिथे कुठलंही सूत्र कामाचं नाही. एकतर सर्व्हे पावसाळ्यात घ्या, किंवा फडावर जा.

सॉफ्टवेअर इथे एक करू शकतं: 'समजा, न सापडलेल्या घरांचं उत्तर सापडलेल्यांपेक्षा इतकं वेगळं असेल, तर निकाल कुठे जाईल' हे वेगवेगळे आकडे घालून दाखवणं. कुलूपबंद घरांची संख्या नोंदलेली असेल तरच हे जमतं, म्हणून क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या अ‍ॅपमध्ये तो रकाना सक्तीचा ठेवा.

१६. माझा कोड बरोबर आहे हे कसं तपासू?

आधी सोप्या चाचण्या. नमुना आधीच लोकसंख्येसारखा असेल तर सगळे भार १ यायला हवेत. ओळींचा क्रम बदलला तर भार बदलता कामा नयेत. प्रत्येक ओळ दोनदा घातली तर टक्केवारी तीच राहायला हवी. विसंगत बेरजा दिल्या तर कोडने अडायला हवं (प्रश्न ७). मग तोच डेटा आर च्या सर्व्हे पॅकेजला देऊन निकाल चौथ्या-पाचव्या दशांशापर्यंत ताडून पाहा.

खरी परीक्षा कृत्रिम लोकसंख्येची. संगणकावर लाखभर माणसं तयार करा ज्यांचं खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे, त्यांतून मुद्दाम एकांगी नमुना काढा, भार द्या, ९५ टक्क्यांची मर्यादा काढा. हे हजार वेळा करा. साधारण ९५० वेळा खरं उत्तर मर्यादेत यायला हवं. ८०० वेळाच येत असेल तर तुमचं सॉफ्टवेअर गरजेपेक्षा जास्त खात्री दाखवतंय. मग एक महत्त्वाचा घटक मुद्दाम लपवून हीच चाचणी पुन्हा चालवा. मर्यादा किती वाईट चुकतात ते पाहिलं की प्रश्न १३ आणि १५ वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. ही चाचणी कोडसोबतच ठेवा, म्हणजे वापरणाऱ्यालाही ती चालवता येईल.

१७. अहवालासोबत भारांची फाइल द्यावी का?

द्यावी, म्हणजे दुसऱ्यांना तपासता येतं. सोबत भार न देता आलेले आकडे, लक्ष्य-आकड्यांचे स्रोत आणि वर्षं, कितीचे भार कापले आणि परिणामी नमुना किती, हेही द्या. एक काळजी घ्या: फार मोठा भार म्हणजे विरळ व्यक्ती. गावाचं नाव, वय, शिक्षण आणि भार एकत्र असले तर 'त्या गावातली एकमेव पदवीधर बाई' सहज ओळखू येते. सार्वजनिक फाइलमध्ये गाव काढून तालुका किंवा जिल्हा ठेवा, वयाऐवजी वयोगट द्या, आणि तेवढं करूनही एखादा कप्पा एका व्यक्तीचाच उरत असेल तर तो शेजारच्या कप्प्यात मिसळा.